शिवप्पाची घोंगडी

लेंगरेवस्तीवर कुणावर सरकारी माणसाशी बोलायची पाळी आली, की आधी धुळाप्पाला हाक जायची. तलाठी असो, ढोरांचा डॉक्टर असो, नाहीतर बाजारात वजनात मारणारा लोकरीचा व्यापारी असो, धुळाप्पा पुढे आणि बाकीची वस्ती त्याच्या पाठीशी. एकदा मंगळवेढ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं त्याच्या काखेतलं कोकरू एसटीत चढवायला नकार दिला. धुळाप्पानं त्याच्याशी अशी काही हुज्जत घातली, की शेवटी गाडी निघाली तेव्हा कोकरू कंडक्टरच्याच मांडीवर होतं. ही गोष्ट तो स्वतः सांगायचा, त्यामुळे तिच्यात थोडं मीठ जास्त असेल. पण त्याला तोंड होतं, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. त्याची बायको बजाबाई म्हणायची, "आमच्या मेंढरांपरीस ह्येंची जीभच जास्त चरती."

वस्ती मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जतच्या अंगाला. वीस-पंचवीस धनगरांची घरं, मधे बिरोबाचं देऊळ, देवळापुढे एक जुना लिंब आणि समोर नजर पोचेल तिथवर माळ. कागदावर हा माळ फॉरेस्टचा होता. प्रत्यक्षात तो मेंढरांचा होता. फॉरेस्ट म्हणावं असं तिथं झाड औषधालाही सापडत नव्हतं. कुसळी गवत, तरवड, कुठंतरी एखादी हेकळ. माळ ओलांडला की पलीकडे ओढा होता आणि ओढ्यात म्हसोबाचा डोह. उन्हाळ्यात आसपासचं सगळं आटलं तरी डोहाला पाणी असायचं. वस्तीपासून डोहापर्यंत मेंढरांच्या खुरांनी घासून घासून एक पांढरी वाट पडली होती. धुळाप्पाच्या बापानं त्या वाटेनं मेंढरं नेली, आज्यानं नेली. ती वाट म्हणजेच वस्ती, असं म्हटलं तरी चालेल, कारण डोहाचं पाणी नसतं तर त्या माळाला कोण कशाला राहायला गेलं असतं?

आता या लोकांचा एक कायदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण लेंगरेवस्तीवर त्याच्यापुढे कोर्टाचा कायदा काहीच नव्हता. घरी आलेल्या माणसाला घोंगडी अंथरायची. एकदा तो घोंगडीवर टेकला, की तो तुमचा. मग तो सोयरा असो की सावकार, त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि त्याच्या शब्दावर शंका घ्यायची नाही. कारण घोंगडी बिरोबाची. तिच्यावर बसून माणूस खोटं बोलत नाही. भांडायचं असेल तर ते आधी, उभ्यानं, अंगणात. सगळं ओकून झालं की मग घोंगडी अंथरायची. वस्तीतल्या सोयरिकी, वाटण्या, मेंढरांचे सौदे सगळे घोंगडीवर झाले होते, आणि त्यातला एकही शब्द फिरला नव्हता. त्यामुळे सगळ्या जगाचा हाच कायदा आहे, अशी या भल्या माणसांची समजूत झाली होती.

एकाहत्तर सालच्या श्रावणात कोतवालानं दवंडी दिली. माळावर सरकार झाडं लावणार, भोवती चर खणणार, चरावर घायपाताचं कुंपण करणार. ज्याची हरकत असेल त्यानं अमुक वारी फॉरेस्टचे साहेब जागेवर येतील तेव्हा त्यांच्यापुढे सांगावी. वस्तीत दोन दिवस नुसता कालवा. झाडं लावायला कुणाची ना नव्हती. सावली कुणाला नको असते? पण चर खणल्यावर डोहाकडे जायचं कसं?

धुळाप्पानं सगळ्यांना लिंबाखाली गोळा केलं. "आपलं येकच मागणं," तो म्हणाला, "वाट. मेंढरं दोन्ही अंगांनी न घासता जातील येवडी रुंद वाट सोडा, बाकी तुमी झाडं लावा न्हायतर बंगला बांदा. येकच गोष्ट मागितली की सायबाला न्हाय म्हंता येत न्हाय. जास्त मागितलं की तो सगळंच न्हाय म्हंतो."

बोलणं शहाणपणाचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त त्याचा चुलतभाऊ शिवप्पा म्हणाला, "आण्णा, आपुन सगळ्यांनी अंगठं बी देऊ की. कारकून संगं असतुया म्हनं. कागदावर आसलं म्हंजी बरं."

शिवप्पा धुळाप्पाच्या अगदी उलट. चार शब्द बोलायला त्याला अर्धा दिवस लागायचा आणि बोलून झाल्यावर आपलं काही चुकलं का, म्हणून उरलेला दिवस तो विचार करायचा. मेंढरं मात्र त्याची वस्तीत सगळ्यांत देखणी. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि तो न् त्याची बायको वच्छला त्या मेंढरांनाच लेकरांसारखी सांभाळायची. धुळाप्पाचा त्याच्यावर जीव होता. "दिऊ की अंगठं," तो म्हणाला. "आंगठ्याला काय दानं घालावं लागत्यात व्हय?"

साहेब आले ते जीपनं, चांगलं ऊन चढल्यावर. बरोबर कारकून आणि गार्ड. साहेब जाडसर, हसतमुख, घामानं डबडबलेले. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी लिंबाची सावली गाठली. आता साहेबांना बसवायचं कशावर? धुळाप्पाची घोंगडी विरली होती. शिवप्पाकडे नवी होती, सणगरानं आत्ताच विणलेली, चिंचोक्याच्या खळीचा वास अजून न गेलेली. वच्छला पळत घरी गेली आणि ती घेऊन आली. शिवप्पानं आपल्या हातानं ती लिंबाखाली अंथरली आणि कडा सारख्या केल्या.

साहेब मांडी घालून बसले. बजाबाईनं तांब्याभर दूध दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं आणि मिशा पुसल्या. मग धुळाप्पा बोलला. त्या दिवशी तो जसा बोलला तसा पुन्हा कधी बोलला नाही, असं लोक सांगतात. आजोबापासून सुरुवात केली, डोहावर आला, मेंढराला तहान कशी लागते ते सांगितलं, आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "सायब, आमाला माळ नगं. वाट द्या."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. वाईट असता तर हिशेब सोपा झाला असता. ते हसून म्हणाले, "एवढंच ना? अहो, वाट ठेवू की. जंगल कुणासाठी लावतोय? तुमच्यासाठीच ना? काळजी करू नका."

झालं. धुळाप्पाच्या लेखी प्रकरण मिटलं. घोंगडीवर बसलेल्या माणसानं शब्द दिला होता. तो उठला आणि लोकांकडे वळून दोन्ही हात वर करून म्हणाला, "काम झालं रं! बसा आता निवांत."

कारकुनानं वही उघडली होती. "हरकत कुणाकुणाची आहे? पुढं या," तो म्हणाला. शिवप्पा एक पाऊल पुढे सरकला. "आण्णा," तो हळूच म्हणाला, "त्येवडं वाटंचं कागदावर..."

धुळाप्पानं त्याचं मनगट धरलं आणि बाजूला ओढलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "घोंगडी कुनाची हाय?" त्यानं दातओठ खात विचारलं.

"माजी."

"मानूस तुज्या घोंगडीवर बसलाय, त्येनं शबुद दिलाय, आन तू त्येच्या तोंडावर त्येला खोटा ठरवायला निगालास? बिरुबाला काय तोंड दावशील?"

शिवप्पाची मान खाली गेली. बिचाऱ्याला खरोखरच लाज वाटली. तो मागे सरकला आणि त्याच्याबरोबर अंगठ्याला तयार झालेले सगळेच मागे सरकले. कारकुनानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा धुळाप्पाच मोठ्यांदा म्हणाला, "कुनाची हरकत न्हाय, ल्ह्या!" माणसं हसली. साहेब हसले. गार्डसुद्धा हसला. बिरोबाचा भंडारा साहेबांच्या कपाळाला लावून त्यांना जीपपर्यंत वाजतगाजत पोचवलं. लिंबाच्या सावलीत उभी असलेली वच्छला तेवढी हसली नव्हती. तिनं घोंगडी उचलली, झटकली आणि घडी घालून नेली.

त्या साली पाऊस झाला न झाल्यासारखा, आणि बहात्तरला तर आभाळानं पाठच फिरवली. त्या दुष्काळाचं काय सांगायचं? ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. सरकारनं जागोजागी कामं काढली. कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव, कुठं खडी. लेंगरेवस्तीच्या वाट्याला आलं ते माळाच्या चराचं काम. आपल्याच माळाभोवतीचा चर खणायला सगळी वस्ती कुदळ-फावडी घेऊन हजर झाली. दुसरं करणार काय? पोटात सरकारनं वाटलेल्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी जायची ती त्या चराच्या जिवावर.

चर खणत खणत माणसं पांढऱ्या वाटेजवळ आली, तेव्हा धुळाप्पानं कुदळ खाली ठेवली आणि मुकादमाला सांगितलं, "हितं सोडायचं. हितनं वाट हाय."

मुकादमानं नकाशा काढला. नकाशात रेघ सरळ होती. "हितं काय वाट न्हाय," तो म्हणाला.

"सायबानं सांगितलंय."

"कुटल्या सायबानं?"

धुळाप्पा त्याच पावली मंगळवेढ्याला गेला. कचेरीत साहेब नवे होते; ते हसरे साहेब बदलून कुठं कोकणात गेले होते म्हणे. नव्या साहेबांना वेळ नव्हता, कारकुनाला होता. कारकुनानं कागद काढून वाचला आणि सांगितलं, की वस्तीच्या लोकांना समक्ष विचारलं होतं आणि कुणाचीही हरकत नव्हती.

"हरकत कशी आसंल?" धुळाप्पा म्हणाला. "सायबानं वाट दिल्ती. घोंगडीवर बसून सांगितल्तं."

"कशावर बसून?" कारकुनानं विचारलं.

"घोंगडीवर."

कारकून शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. शेजारचाही हसला. त्यात खुनशीपणा काही नव्हता. त्यांना खरंच गंमत वाटली. दुपारच्या चहाच्या वेळेला एखादी गंमत मिळावी तशी. पण धुळाप्पाच्या अंगावरची कातडी कुणीतरी सोलून काढल्यासारखं झालं. तो तसाच कचेरीच्या पायऱ्या उतरला. पंढरपूरला जा, सोलापूरला जा, असं ज्यानं जिथं सांगितलं तिथं तो नंतर महिनाभर हिंडला. सगळीकडे तोच कागद त्याच्या आधी पोचलेला असायचा. कुणाची हरकत न्हाय, ल्ह्या. हे शब्द त्याच्याच तोंडचे होते, ते तो कुणाला काय म्हणून नाकारणार?

तो परत आला तेव्हा चर वाटेवरून पुढे गेला होता. वाटेवरचा तुकडा शिवप्पाच्या वाट्याला आला होता. त्यानं तो खणला होता, चांगला खोल, मुकादमाला बोलायला जागा राहू नये असा. धुळाप्पा काठावर उभा राहिला. खालून शिवप्पानं वर पाहिलं. "आण्णा," तो म्हणाला, "माती लई कठीन हाय हितं. खुरांनी बसल्याली." एवढंच म्हणाला आणि पुन्हा कुदळ उचलली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर धुळाप्पाला बरं वाटलं असतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. डोहाला पाणी होतं. गुडघाभर का होईना, होतं. पण तिथवर पोचायला माळाला वळसा घालून दोन गावांच्या शिवारांतून जावं लागायचं, आणि त्या गावांची माणसंही तहानेनं पिसाळलेली. काठ्या घेऊन बांधावर उभी राहायची. मेंढरं वाटेतच बसायला लागली. एकदा बसलेलं मेंढरू उठत नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघून पुढे जावं लागतं. शिवप्पानं काही दिवस हे पाहिलं. मग एका दुपारी त्यानं चराच्या एका बाजूची माती आत ढकलली, उतार केला आणि आपली सगळी मेंढरं त्या जुन्या वाटेनं सरळ डोहावर नेली. त्या दिवशी मेंढरं पोटभर प्याली. वच्छला पुढे कितीतरी वर्षं सांगायची, की ती परत येताना उड्या मारत आली होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मेंढरं घेऊन आला, तर गार्ड चरावर उभा होता. गार्डचंही बरोबर होतं, त्याची नोकरी होती. आदल्या दिवशीच्या खुरांनी रोपांची एक ओळ तुडवली होती. मेंढरं कोंडवाड्यात गेली. कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती, वर छप्पर नाही, आत हौद होता पण कोरडा. दंड भरेपर्यंत सोडता येत नाही, आणि शिवप्पाकडे दंड भरायला होतं काय? धुळाप्पानं दारोदार हिंडून पैसे गोळा केले. बजाबाईच्या पायातले वाळे गेले. पण त्यात तीन दिवस गेले, आणि वैशाखातले तीन दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. दार उघडलं तेव्हा निम्मी मेंढरं भिंतीच्या सावलीला एकमेकांच्या अंगावर मरून पडली होती. शिवप्पानं आत जाऊन एकेकाच्या तोंडावर हात फिरवला. मेलेल्यांच्याही फिरवला.

उरलेली त्यानं सांगोल्याच्या बाजारात खाटकाला विकली आणि नवरा-बायको उजनीला खडी फोडायला गेले. तिकडे मोठ्या धरणाचं काम चाललं होतं, हजारो माणसं होती. जाताना तो धुळाप्पाच्या पाया पडला. धुळाप्पा म्हणाला, "शिवा, काय तरी बोल. मला काय तरी बोल." शिवप्पानं नेहमीप्रमाणे बराच विचार केला आणि म्हणाला, "घोंगडी माजी हुती, आण्णा. त्येला बशिवलं मीच." मग तो गेला.

दिवाळीच्या सुमाराला वच्छला एकटीच परत आली. शिवप्पा तिकडे तापानं गेला होता. तिच्या डोक्यावर दोन भांड्यांचं गाठोडं होतं आणि खांद्यावर ती घोंगडी.

धुळाप्पा तिच्या दारात गेला तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. त्याला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला, तांब्या भरून आणला, उंबऱ्याशी ठेवला. "पानी घ्या, भावजी," म्हणाली. धुळाप्पा अंगणात उभा होता. ती आत जाईल, घोंगडी आणेल, अंथरेल, म्हणून तो थांबला. घोंगडी समोर दांडीवर होती. वच्छला खांबाला टेकून खाली बघत उभी राहिली. तिनं घोंगडीला हात लावला नाही.

धुळाप्पाला कळलं. त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. घोंगडी अंथरली की भांडण संपलं. आणि वच्छलेला भांडण संपवायचं नव्हतं. ते करायचंही नव्हतं. नुसतं शिल्लक ठेवायचं होतं. तो उभ्यानं पाणी प्याला आणि निघून आला.

पुढं दर सणाला तो जायचा. पोळी असेल तर पोळी, कोकरू कापलं असेल तर वाटा घेऊन. वच्छला सगळं घ्यायची. पाणी द्यायची. कधी रागानं बोलली नाही, कधी तोंड फिरवलं नाही. पण सहा वर्षांत तिनं त्याला एकदाही बसवलं नाही. बजाबाई चिडायची. "येकदा काय ती शिव्या दिऊन मोकळी हो म्हनावं!" धुळाप्पा म्हणायचा, "ती का मोकळी हुईल? आन मला का मोकळं करंल?"

तोही मग कुणाच्या घोंगडीवर बसेना. लग्नात, बारशात, देवळात तो कडेला मातीवर बसायचा. लोकांनी आधी आग्रह केला, मग सोडला. सरकारी काम निघालं तर आता त्याला कुणी हाक मारत नसे. ज्या तोंडानं वस्तीची वाट घालवली त्या तोंडाला कोण पुढं करणार? हळूहळू त्याचं बोलणंच आटलं. ज्या माणसानं कंडक्टरच्या मांडीवर कोकरू बसवलं होतं, तो स्टँडवर तिकिटाला पैसे पुढे करताना गावाचं नावसुद्धा दोनदा विचारल्यावर सांगायचा.

अठ्ठ्याहत्तर साली पुन्हा दवंडी आली. आता उरलेला माळही घ्यायचा होता; गवताचं राखीव कुरण करायचं, आणि बिरोबाच्या देवळामागून नवा चर काढायचा. लोकांचं म्हणणं ऐकायला साहेब येणार होते. या खेपेला साहेब तरुण होते, डोळ्यांवर चष्मा, अंगानं काडी. लिंबाखाली माणसं जमली. कुणीतरी सवयीनं घोंगडी आणली आणि अंथरली.

साहेब तिच्याकडे निघाले आणि तेवढ्यात, मागे मातीत बसलेला धुळाप्पा उठला. तो लोकांतून वाट काढत पुढे आला, वाकला, आणि साहेबांच्या पायापुढची घोंगडी ओढून त्यानं काखेत मारली.  घरी आलेल्या माणसाखालची घोंगडी काढणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखंच.

"सायब," धुळाप्पा म्हणाला, आणि किती तरी वर्षांनी त्याचा आवाज वस्तीनं ऐकला, "रागावू नगा. तुमी हितं बसला की आमाला तुमच्याशी भांडता येत न्हाय. आमची तशी रीत हाय. मागच्या सायबाला आमी बशिवलं आन आमची वाट गेली. येक मानूस गेला. तवा आज उभ्यानं बोलू. पयलं आमचं समद्यांचं भांडान ऐका, कागदावर घ्या, वाट कुटनं सोडनार तितं दगुड रवा. मग घोंगडी बी हाय, दूद बी हाय."

माणसं ओशाळली. एकदोघं त्याच्या अंगावर धावून आले, "म्हाताऱ्या, गप बस की!" पण त्या पोरगेल्या साहेबांनी हात वर केला. ते रागावले नाहीत. "ठीक आहे," म्हणाले, "उभ्यानं बोलू." आणि भर उन्हात संध्याकाळपर्यंत ते उभे राहिले. प्रत्येकाचं ऐकलं. अंगठे झाले. सगळ्यांत आधी कुणाचा घ्यायचा म्हणून कारकुनानं शाईची डबी धुळाप्पापुढे धरली, तर तो मागे सरला. "माजा नगं," म्हणाला. "माजं झालंय मागंच देऊन." मग वच्छला पुढे आली. तिनं अंगठा दिला आणि धुळाप्पाकडे न बघता गर्दीत परत गेली.

वाट मिळाली. हो, खरंच मिळाली. काही महिन्यांनी कचेरीची माणसं आली, वाटेवरचा चर बुजवला, दोन्ही अंगांना दगड रोवले. मेंढरं न घासता जातील एवढी रुंद, जशी मागितली होती तशी. वस्तीनं नारळ फोडला. पण त्या वाटेनं जायला आता मेंढरं कुठं होती? अर्ध्या घरांना कुलपं होती; माणसं ऊसतोडीला, गवंड्यांच्या हाताखाली, सोलापूरच्या गिरणीत. कळप म्हणावा असा एकाचाही राहिला नव्हता. वच्छलेची दोन शेरडं सकाळी त्या रुंद वाटेनं डोहावर जायची आणि परत यायची. धुळाप्पा वाटेच्या तोंडाशी दगडाला टेकून, मातीत बसून ती बघायचा.

एकोणऐंशीच्या थंडीत त्याला खोकल्यानं धरलं आणि तो उठला नाही. शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, पण एक गोष्ट त्यानं बजाबाईला नीट सांगितली. मेल्यावर माणसाला घोंगडीवर ठेवतात, तसं मला ठेवू नका. मातीवरच ठेवा.

बजाबाईला ही गोष्ट पटली नव्हती, पण नवऱ्याचा शब्द मोडायचीही तिची छाती नव्हती. धुळाप्पा गेला तेव्हा त्याला अंगणात तसाच जमिनीवर ठेवला होता आणि माणसं काय करावं ते न सुचून उभी होती. तेवढ्यात वच्छला आली. तिच्या खांद्यावर ती घोंगडी होती. उजनीची धूळ खाल्लेली, एका कडेनं उसवलेली.

माणसं बाजूला झाली. वच्छला धुळाप्पाच्या पायाशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं मागं टाकला आणि मोठ्यानं बोलायला लागली, अंगणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"भावजी, ऐका आता. माजा नवरा अंगठा द्यायला निगाला हुता. तुमी त्येचं मनगाट धरलं. मी बगितलंय. तुमाला शाबासकी पायजे हुती, सायबाम्होरं मिरवायचं हुतं. त्यो खाली मान घालून मागं सरला, आन त्येनं ती मान मरूस्तवर वर क्येली न्हाय. माजी मेंढरं कोंडवाड्यात भिंत चाटून चाटून म्येली. उजनीला त्यो तापात बडबडत हुता, वाट सोडा, वाट सोडा. मी येकली हुते. त्येला उचलायला चार मानसं मिळंनात, भावजी. तुमी कुटं हुता? सायबाचा शबुद लई मोटा वाटला तुमास्नी, घरच्या मानसाचा बारका वाटला. तुमी वंगाळ क्येलं. लई वंगाळ क्येलं. सा वर्सं मी ह्ये जपून ठिवलं. रोज तुमी म्होरनं जायाचा आन मी जपून ठेवायची. येक दिस बी इसरले न्हाय."

तिला धाप लागली. कुणी तिला थांबवलं नाही. थांबवण्याची ती वेळच नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बजाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. आणखी काही राहिलं आहे का ते वच्छलेनं आठवून पाहिलं. काही राहिलं नव्हतं. तेव्हा तिनं डोक्यावर पुन्हा पदर घेतला, खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि धुळाप्पाच्या शेजारी जमिनीवर अंथरली. उसवलेली कड आत दुमडली.

"उचला त्यास्नी," ती म्हणाली. "बसवा हितं."